पूर्ण कच्चा आहार करावा का? शिबिरातून परतलेल्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी ३९ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिक्षिका आहे. उंची १५६ सेंमी, वजन ७१ किलो. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिथे फळं, कोशिंबिरी, मोडाची कडधान्यं आणि रस एवढंच. शिजवलेलं काहीच नाही. अडीच किलो वजन उतरलं, ॲसिडिटी गेली, सकाळी अंग हलकं वाटायला लागलं. शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न, असं तिथे सांगितलं. आता सहा महिने पूर्ण कच्चा आहार करायचं मनात आहे. मिस्टर ४७ वर्षांचे, सात वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. त्यांनाही बरोबर घ्यावं म्हणते. मुलगी १३ वर्षांची, तीही हट्ट धरून बसली आहे. सासूबाईंना हे मुळीच पटत नाही. काय करावं?"

ताई, निर्णय आधी सांगते, कारणं मागाहून. तुम्ही सहा महिने पूर्ण कच्चं खाऊ नका. तीन आठवड्यांचा अर्धकच्चा प्रयोग मात्र जरूर करून बघा, पण मी शेवटी सांगते त्या क्रमाने. मिस्टरांनी त्यांच्या डॉक्टरांकडून गोळ्यांचं ठरवून घेतल्याशिवाय एक दिवसही करू नये. लेकीला यात घेऊ नका.

बावीस वर्षं मी सोलापुरात आहारसल्ल्याचं काम करते. सुट्ट्या संपल्या की असा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. त्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा एकच विचारते, तेच तुम्हाला विचारते: तुम्हाला बरं वाटलं ते कच्चं खाल्ल्यामुळे, की त्या पाच दिवसांत जे खाल्लं नाही त्यामुळे?

आठवून बघा. शिबिरात सकाळी उपाशीपोटी साखरेचा चहा नव्हता. स्टाफरूममधला दुसरा, तिसरा चहा नव्हता, त्याच्यासोबतची खारी नव्हती. रात्री साडेनऊ-दहाचं जेवण नव्हतं. सहा-सातला आटपत असणार. तेलाचा तवंग आलेली भाजी नव्हती, संध्याकाळचं भजं नव्हतं. शाळेचे पेपर नव्हते, झोप पूर्ण होत होती. ॲसिडिटी जायला यातल्या दोन-तीन गोष्टीसुद्धा पुरतात. चूल पेटली की नाही, याचा हिशोब त्यानंतर सुरू होतो.

अडीच किलोचंही तसंच. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. भात-भाकरी-पोळी एकदम थांबली की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. वरून मीठ कमी झालं की आणखी पाणी जातं. एक किलो चरबी उतरायला ७,००० हून जास्त उष्मांकांची तूट लागते. पाच दिवसांत तुमची चरबी फार तर अर्धा किलो उतरली असेल. उरलेलं पाणी होतं, आणि घरी येऊन दोन दिवस भाकरी खाल्ली की त्यातलं बरंच परत येतं. मग माणूस म्हणतो, "बघा, शिजवलेलं खाल्लं की वजन वाढतं." तिथे गल्लत होते.

आता "मेलेलं अन्न" या शब्दाकडे येते, कारण तो मनात घर करून बसतो. कच्चा आहार सांगणारे ४० ते ४८ अंश सेल्सिअसची मर्यादा सांगतात. त्यापुढे तापवलं की एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, मरतात, म्हणून अन्न मरतं. पण वनस्पतीतली एन्झाइम त्या वनस्पतीच्या कामासाठी असतात. ती आपल्या जठरातल्या आम्लात गेली की इतर प्रथिनांसारखीच त्यांची बहुतेक मोडतोड होते. आपलं अन्न पचवणारी एन्झाइम आपली लाळ, जठर, स्वादुपिंड आणि आतडं रोज नव्याने तयार करतात. तरी या म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि ते सांगायला हवं. कोबी, मुळा, मोहरीच्या कुळातल्या भाज्यांत आणि लसणात असं एन्झाइम असतं, जे चिरल्या-ठेचल्यावर काम करून उपयोगी द्रव्यं तयार करतं, आणि उष्णतेने ते निकामी होतं. म्हणून मुळा कच्चा खावा, आणि लसूण ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवून मग फोडणीत टाकावा.

शिजवण्याने काही जातं, काही हाती येतं. क जीवनसत्त्व आणि फोलेट (एक ब जीवनसत्त्व) बरंच कमी होतं, विशेषतः पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तर. उलट टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत, शरीराला जास्त मिळतं. पालकातलं ऑक्झॅलेट, ज्यापासून मुतखडे होतात, उकळून पाणी टाकल्याने कमी होतं. रोज मोठा पेला भरून कच्च्या पालकाचा रस घेणाऱ्या काहींच्या मूत्रपिंडांना त्याच ऑक्झॅलेटमुळे इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेलं आहे. आपल्याकडे उन्हाळा असा की घाम जास्त, लघवी कमी. मुतखडा होऊन गेलेल्या माणसाला सोलापुरात हा हिरवा रस मी कधीच सुचवत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आपलं धान्य. ज्वारीचं काय करायचं, हे शिबिरात विचारलंत का? माझ्याकडे आलेल्या एका बाईंना "सगळ्या धान्यांना मोड आणा आणि कच्चं खा" असं सांगितलं होतं. त्यांनी मंगळवेढ्याची छान टपोरी मालदांडी ज्वारी आणून तिला मोड आणले, आणि डबाच माझ्यासमोर उघडून धरला: दाण्यांना बोटभर पांढरे कोंब. मी तो डबा झाकून बाजूला ठेवला. ज्वारीला मोड येताना त्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य वाढतं आणि चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. शेतकऱ्याला हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत जनावर शिरलं तर तो हातातलं काम टाकून धावतो, कारण ते खाऊन धडधाकट बैल तासाभरात आडवा होतो. म्हणूनच ज्वारीचं माल्ट करताना मोड वाळवून, चोळून काढून टाकतात आणि पीठ शिजवतात. भाकरी आणि आंबील शिजवूनच का, त्याला कारण आहे. शिवाय कच्चा स्टार्च आपल्याला नीट पचत नाही. ७० अंशांच्या आसपास तो फुलतो, मग पचतो. (न्यायाने सांगायचं तर ज्वारीचं प्रथिन शिजल्यावर पचायला थोडं अवघड होतं. ते वरण, मटकी, शेंगदाणे भरून काढतात.)

थोडक्यात, पूर्ण कच्चा आहार म्हणजे सोलापूरच्या माणसाने भाकरीच सोडायची. हुरडासुद्धा यात बसत नाही, कारण आपण तो भाजून खातो. शेंगाचटणीही नाही, तिचे शेंगदाणे भाजलेले. राजमा तर कच्चा किंवा नुसता मोड आणूनही खाऊ नका. चार-पाच दाण्यांनी उलट्या सुरू होऊ शकतात. तो भिजवून, पाणी बदलून, खळखळून उकळूनच खायचा.

मग उरतं काय आणि ते पुरतं का? हिशोब मांडून बघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १,६६० उष्मांक आणि ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आता अर्धा किलो पपई, ३०० ग्रॅम काकडी, २०० ग्रॅम टोमॅटो, २०० ग्रॅम गाजर आणि वाटीभर मोडाचे मूग असं ताट वाढा. हे झालं सव्वा किलोच्या वर. खाताना जबडा दुखतो, पोट तुडुंब भरतं, आणि उष्मांक भरतात साडेचारशेच्या आसपास. वाटीभर मोडांतून प्रथिनं मिळतात सहा-आठ ग्रॅम. पहिले काही दिवस वजन उतरतं म्हणून आनंद होतो. नंतर भूक कडकडून लागते, तेव्हा लोक खजूर, काजू, ओलं खोबरं आणि केळ्यांवर जातात. मग वजन उतरायचं थांबतं आणि महिन्याचा खर्च दुप्पट होतो. तुमच्या वजनाला उष्मांक थोडे कमी होणं हवंच आहे, पण प्रथिनं कमी होणं नको. ४० च्या उंबरठ्यावर उतरलेलं वजन स्नायूंचं असेल तर ते परत मिळवायला फार कष्ट पडतात.

बाईमाणसाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पाळीची आणि रक्ताची. जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठातल्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या ५१३ स्त्री-पुरुषांची माहिती घेतली आणि १९९९ मध्ये ती प्रसिद्ध केली. स्त्रियांचं वजन सरासरी १२ किलोने उतरलं होतं. त्याच पाहणीत ४५ च्या आतल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद झाली होती, आणि कच्च्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असलेल्यांत हे जास्त होतं. पाळी बंद होणं म्हणजे शरीराने "इतक्या अन्नावर मला हे परवडत नाही" असं सांगणं. मागोमाग हाडांचा प्रश्न येतो. आपल्याकडे तर सुरुवातच कमी रक्तावर होते: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पालेभाजीतलं लोह मुळात कमी शोषलं जातं. कच्च्यावर लिंबू पिळल्याने फरक पडतो, तो जरूर पिळा, पण सहा महिने तेवढ्यावर काढता येत नाहीत.

आणि बी१२ जीवनसत्त्व. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण इथे माणसं कायमची अधू होताना पाहिली आहेत.

सैफुल भागातले एक गृहस्थ, ५२ वर्षांचे, जन्मापासून शाकाहारी. त्यांनी चौदा महिने पूर्ण कच्चा आहार केला. दूध, दही, ताक सगळं बंद. माझ्याकडे आले ते "थोडी मुंग्या येतात" म्हणून. चप्पल काढून आत येताना बघितलं, पावलं जरा रुंद टाकत होते, जमिनीकडे बघत. जीभ दाखवा म्हटलं: लालसर, गुळगुळीत, वरचा खरबरीतपणा गेलेला. मग ते सहज बोलून गेले, "मॅडम, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, म्हणून एका हाताने बेसिन धरतो." ते ऐकून मी त्यांना त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. डोळे उघडे असताना नजर सावरून घेते, मिटले की पायांकडून निरोप येत नाही हे उघडं पडतं. बी१२ तपासलं तर ९६ निघालं. २०० च्या खाली असलं की कमतरता धरतात. हिमोग्लोबिन मात्र १२.८, म्हणजे फारसं कमी नव्हतं, म्हणून आधी कुणाला संशयच आला नव्हता. कच्च्या पालेभाजीतून फोलेट भरपूर मिळतं. ते रक्ताचा भाग सांभाळून नेतं आणि तिकडे मज्जातंतू झिजत राहतात. इंजेक्शनं सुरू झाली, हातांच्या मुंग्या गेल्या. पायाच्या बोटांचा बधिरपणा दोन वर्षांनंतरही आहे.

वनस्पतीतून भरवशाचं बी१२ मिळत नाही. स्पिरुलिनात (शेवाळाच्या पुडीत) जे असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला न चालणारं रूप असतं, आणि जाहिरात मात्र त्याचीच असते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटतं. पण आपल्यासारख्या वर्षानुवर्षं शाकाहारी घरांत हा साठा आधीच तळाला असतो. आपलं रोजचं वाटीभर दही आणि ताक थोडं बी१२ देत असतं. पूर्ण वनस्पतिजन्य आहारात तेही जातं. तेव्हा असा आहार, कच्चा असो वा शिजवलेला, महिन्याभराच्या पुढे न्यायचा असेल तर बी१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायलाच हवी. त्याला पर्याय नाही. आणखी एक: अशा शिबिरांतून सैंधव वापरायला सांगतात. त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. घरात साधं आयोडीनयुक्त मीठच राहू द्या.

आपल्याकडे हा प्रयोग नवा नाही. १९२९ मध्ये गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर आणि आश्रमातल्या सोबत्यांवर केला, 'यंग इंडिया'तून त्याबद्दल लिहिलं. अशक्तपणा आला, पोट बिघडलं, आणि काही महिन्यांतच प्रयोग थांबवून ते शेळीच्या दुधाकडे परतले. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा त्याने कमी झाली नाही. आपल्या सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या उरुळी कांचनला १९४६ मध्ये त्यांनीच निसर्गोपचार आश्रम सुरू केला. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे की शरीराने दिलेलं उत्तर त्यांनी मान्य केलं, आणि जाहीर लिहून मान्य केलं.

आता मिस्टर. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात काय गेलं ते बघत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. सकाळी गोळी घेतली आणि नेहमीच्या दोन भाकरींऐवजी काकडी-टोमॅटो खाल्लं, की दुपारपर्यंत शुगर कोसळू शकते. माझ्याकडे येणारे एक दुकानदार असेच चार वाजता गल्ल्यावर बसल्या बसल्या घामाने भिजले, हात थरथरायला लागले, गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे मोजून देता येईनात. शेजारच्या चहावाल्याने ओळखून साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. ते मोटारसायकलवर असते तर काय झालं असतं, याचा विचार करा. दुसरं टोक रसांचं: कलिंगड, मोसंबी, गाजराचा रस गाळून प्यायला की चोथा जातो आणि साखर झपाट्याने चढते. तिसरं, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ चं शोषण कमी होतं. त्यात दही-ताक बंद म्हणजे दुहेरी मार. वनस्पतिजन्य आहाराने शुगर सुधारल्याचे चांगले अभ्यास आहेत, पण त्यांतलं जेवण बहुतेक शिजवलेलंच होतं आणि औषधांचे डोस डॉक्टर कमी करत होते. त्यांना मधुमेहासाठी काही करायचंच असेल तर जेवणाआधी बशीभर काकडी-मुळा-गाजर, भाकरी एक कमी, वरण एक वाटी जास्त, आणि जेवून वीस मिनिटं चालणं. एवढ्यानेही ग्लुकोमीटरवर फरक दिसेल, म्हणून हेही डॉक्टरांच्या कानावर घालूनच. त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर गोष्ट आणखी वेगळी: अशा माणसाने भाज्या उकळून पाणी टाकूनच खायच्या असतात, नाहीतर पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. नारळपाणी आणि कच्चे रस त्यांच्यासाठी नाहीत.

लेकीचं वय वाढीचं आहे. त्या वयात दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी नुकती बसत असते. पण मला आकड्यांपेक्षा वेगळीच भीती वाटते. "हे शुद्ध, ते मेलेलं, हे विषारी" ही भाषा तेरा वर्षांच्या मुलीच्या ताटाभोवती फिरायला लागली की पुढे ती डबा न खाता परत आणते, आरशासमोर जास्त वेळ उभी राहते, आणि आई-वडिलांना कळेपर्यंत सहा महिने गेलेले असतात. अशा तीन मुली मी पाहिल्या आहेत, तिघीही हुशार, शहाण्या घरांतल्या. तिच्यासमोर हा शब्द वापरू नका, एवढं माझं ऐका. तिला फळं आणि कोशिंबीर जास्त द्या, भाकरी-वरण-दूध आहे तसं राहू द्या.

पाण्याविषयी दोन शब्द, कारण हे पुस्तकात नसतं आणि आपल्या गावात टाळता येत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तोवर आपण पिंप-टाकीतलं साठवलेलं वापरतो. त्यात कच्चं खाणं म्हणजे धुण्यावर सगळी मदार. टायफॉइड, कावीळ, जंत आणि पट्टकृमीची अंडी कच्च्या पालेभाजीवरून पोटात जाऊ शकतात, आणि मिठाच्या पाण्यात बुडवल्याने सगळं मरत नाही. लक्ष्मी मंडईतून आणलेली कोथिंबीर-मेथी आधी निवडा, मातीची मुळं कापा, मग एकेक जुडी वाहत्या पाण्याखाली धरा. नळ नसेल तर तांब्याने वरून धार सोडा, पातेल्यातलं तेच पाणी पुन्हा वापरू नका. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका. काकडी-गाजर सोलून घ्या.

मोडांचं तर विशेष सांभाळा. दमट, उबदार फडक्यात मोड येतात, तिथेच जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायच्या साथीत सुमारे चार हजार माणसं आजारी पडली आणि पन्नासहून जास्त दगावली. मी स्वतः एका एप्रिलमध्ये एकवीस दिवस कच्च्या आहाराचा प्रयोग केला होता. बाहेर ४२ अंश. रात्री बांधलेली मटकी सकाळी सोडली, मोड सुरेख, पण बोटांना किंचित बुळबुळीत लागली आणि आंबूस वास आला. महागाची आहे म्हणून धुऊन खाल्ली असती तर? मी ती टाकली. त्यानंतर मी मोड उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढूनच खाते आणि खायला सांगते. थोडं क जीवनसत्त्व जातं, जाऊ द्या. आणि दुधीचा रस घेत असाल तर आधी चमचाभर चाखा. कडू लागला तर एक घोटही पिऊ नका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत आणि आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही तो टाकूनच द्यायला सांगितलं आहे.

हे सगळं वाचून कच्च्यावर माझा राग आहे असं वाटेल. तसं नाही. आपल्या जुन्या ताटात कच्चं भरपूर होतं, ते आपण घालवलं. शेतात भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, बुक्कीने फोडलेला कांदा. चैत्रातली कैरी घातलेली वाटली डाळ. हरभऱ्याचे डहाळे. आज तुमच्या डब्यात यातलं काय असतं? दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. शिबिराने तुमच्या ताटात अचानक अर्धा-पाऊण किलो फळं-भाज्या आणल्या आणि पोट साफ झालं, तर त्याचं श्रेय कच्च्याला द्यायलाच हवं.

म्हणून तीन आठवडे असे करा. आधी रक्त तपासून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन. यात काही खाली-वर निघालं तर आधी त्याचा उपचार, मग प्रयोग. पहिल्या आठवड्यात कच्च्याचं नावच काढू नका. नुसतं सोडा: साखरेचे चहा दिवसाला एकावर आणा, तोही काहीतरी खाल्ल्यावर, बेकरी, तळण बंद, भाजीचं तेल निम्मं, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. भाकरी, वरण, शिजवलेली भाजी, दही नेहमीसारखं. रोज झोपताना वहीत तीन ओळी लिहा: ॲसिडिटी, झोप, सकाळचा उत्साह.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण बहुतेक कच्चं करा. सकाळी एक मोठं फळ, भिजवलेले शेंगदाणे मूठभर. दुपारी डब्यात मोडाची मटकी किंवा मूग, काकडी, गाजर, डाळिंबाचे दाणे, वर काराळ्याची नाहीतर जवसाची चटणी आणि लिंबू, शेजारी वाटीभर दही. हे कच्च्याच्या काटेकोर व्याख्येत बसत नाही, मला ठाऊक आहे. काराळे भाजलेले, मोड उकळत्या पाण्यातून काढलेले, दही तर दुधाचंच. बसवायचं कशाला? रात्री मात्र एक ज्वारीची भाकरी, घट्ट वरण आणि शिजवलेली पालेभाजी. ती भाकरी सासूबाईंनाच करू द्या. घरातली चूल पेटती राहील, त्यांचा जीव शांत राहील, आणि तुम्हाला रात्री अकराला भूक लागून फरसाणाच्या डब्याकडे जावं लागणार नाही.

पोट फुगलं, गॅस झाला तर मोड निम्मे करा. आठवड्यात ते बसतं. चक्कर, छातीत धडधड, केस नेहमीपेक्षा जास्त गळणं, पाळी पुढे जाणं, सतत थंडी वाजणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. दातांना गार-आंबट झोंबायला लागलं तर दिवसभर थोडं थोडं फळ चघळत राहू नका, एका वेळी खाऊन चूळ भरा. ज्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे त्यांनी ती उपाशीपोटी पाण्यासोबतच घ्यायची, रसासोबत नाही. तुमचं टीएसएच आल्यावर हे लागू आहे का ते कळेल.

मग वही उघडून पहिला आठवडा आणि पुढचे दोन शेजारी ठेवून वाचा. माझ्याकडे हा क्रम करून आलेल्या बहुतेकांची ॲसिडिटी पहिल्या आठवड्यातच, म्हणजे एकही कच्चा घास न वाढवता, गेली होती. तुमचंही तसंच निघालं तर उत्तर तुमच्या हातात आहे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरोखर आणखी बरं वाटलं, तर हाच अर्धा कच्चा आहार तुम्ही वर्षभर चालवू शकता, भाकरीसकट.

एक शेवटचं, व्यवहाराचं. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं आणि काटा किलो-दीड किलो वर दाखवतो. म्हणून सुरुवात पाळी संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी करा, वजन दर सोमवारी सकाळी तोंड धुऊन, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर करा, आणि तेवढंच करा. रोज काट्यावर चढू नका.